राखणदाराची विडी

मुंबईत मी सहा वर्षं वायरमन होतो. त्या सहा वर्षांत माझ्या हाताने शेकडो दिवे लागले असतील, पण त्यातला एकही रत्नागिरीत नव्हता. आमच्या घरी रॉकेलची चिमणी जळायची. गावात विजेच्या तारा यायला अजून अवकाश होता, आणि त्या आल्या नाहीत याचं कोणाला फारसं दुःखही नव्हतं. गणपतीला घरी आलो की आळीतले म्हातारे ओसरीवर येऊन विचारत, "काय रे, नुसतं बटण दाबलं की लागतो म्हणे?" मी हो म्हणे. मग ते सुपारी कातरत आपापल्या घरी जात. ते बटण कोणीतरी बसवावं लागतं ही गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती, आणि मीही ती सांगत बसत नसे.

सन तीस उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. त्या वर्षी मी गणपतीला आलो तेव्हा माझी मुलगी अडीच वर्षांची होती. मी ओसरीवर पाय ठेवला तशी ती आत पळाली आणि आईला म्हणाली, "पाव्हणे आले." बायकोने ते हसण्यावारी नेलं. मीही हसलो. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही. पाव्हणा म्हटल्यावर तिचं काही चुकलं नव्हतं. वर्षातला महिना-सव्वा महिना घरात दिसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?

तेव्हा मी मनाशी ठरवलं की काहीतरी करून गावातच राहायचं. ठरवणं सोपं होतं. ज्या गावात वीजच नाही तिथे वायरमनने काय करायचं, हा प्रश्न तेवढा शिल्लक होता.

उत्तर पाचव्या दिवशी गणपती बोळवून परत येताना वाटेत भेटलं. गावातले एक शेठ होते. त्यांची भाताची गिरण होती, आणि पाली-साखरप्यावरून कोल्हापूरला जाणाऱ्या चार सर्व्हिस मोटारी होत्या. गिरणीत तेलावरचं इंजिन होतं, आणि त्याला जोडलेला एक डायनामो होता. त्यावर गिरणीतले आठ-दहा दिवे लागत. शेठना नव्याची भारी हौस. नवं काही निघालं की ते पहिल्यांदा त्यांच्या आवारात यावं आणि लोकांनी ते बघायला यावं, एवढी साधी त्यांची इच्छा असे.

"मिस्त्री," ते मला म्हणाले, "मी पेट्रोलचा पंप आणतोय. हाताने हापसायचा नाही. विजेवरचा."

तोवर आमच्याकडे पेट्रोल डब्यांतून यायचं. ड्रायव्हर डबा फोडून नरसाळ्याने टाकीत ओतायचे, थोडं टाकीत, थोडं रस्त्यावर. शेठनी मुंबईच्या एका कंपनीकडून पंप ठरवला होता. वर उजेडाचा गोळा, त्याखाली मापाची उभी काच, आत पेट्रोल खेचणारी विजेची मोटर. पण कंपनीचा मिस्त्री दिवाळीनंतर येतो म्हणत होता, आणि शेठना दसरा हवा होता.

"दसऱ्याला पंप चालू करून दाखवा," शेठ म्हणाले, "गिरणीची आणि गाड्यांची विजेची सगळी कामं कायमची तुमच्याकडे. परत मुंबईचं तोंड बघायला नको."

माझी रजा दसऱ्यापर्यंतच होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीने निघालो नाही तर मुंबईतली जागा जाणार होती. म्हणजे पंप लागला तर घर, नाही तर बोट. आंधळा मागतो एक डोळा, त्यातली गत. मी लगेच हो म्हटलं. पेट्रोलच्या पंपाला आजवर मी हात लावलेला नव्हता हे शेठनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात मी काम केलं होतं. तिथे स्पिरिटच्या वाफेत दिवे कसे बसवायचे ते एका जुन्या फोरमनने मला कान पिळून शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी उभा राहिलो.

पंप आगबोटीने आला. बोट नेहमीप्रमाणे दूर समुद्रात उभी राहिली, आणि ती भली मोठी पेटी पडावात उतरवून बंदरात आणायचं काम शेठच्या गिरणीवरच्या तांडेलाने केलं. हा तांडेल म्हणजे साठीच्या घरातला म्हातारा. आधी गलबतांवर आणि मग परदेशी बोटींवर मिळून तीस-पस्तीस वर्षं त्याने समुद्रावर काढली होती. आता शेठच्या आवाराची राखण करायचा, आणि पुढे पंपही तोच चालवणार होता. पेटी उतरवताना त्याने दोरांना अशा गाठी मारल्या की नंतर त्या सोडवायला त्यालाच बोलवावं लागलं. मला तो जावयबापू म्हणायचा. कारण माझ्या सासुरवाडीच्या वाडीतलाच तो. तेवढ्या नात्यावर तो मला हवं ते बोलायचा.

आवारातल्या राखणदाराची सेवाही त्याच्याकडेच होती. आमच्या बाजूला जागा कोणाचीही असली, सरकारदरबारी नाव कोणाचंही लागलेलं असलं, तरी तिचा खरा मालक राखणदार. तो दिसत नाही, पण असतो. शेठच्या आवारात रस्त्याच्या कडेला करंजाचं झाड होतं, त्याखाली एक शेंदूर लावलेला दगड, तेच त्याचं ठाणं. त्याचं मागणं काही मोठं नव्हतं. वर्षाला एक नारळ आणि एक कोंबडा, आणि रोज दिवेलागणीला एक पेटवलेली विडी. विडी दगडावर ठेवायची, हात जोडायचे आणि मागे न बघता निघून यायचं. सकाळी दगडावर राखेची एक काडी तेवढी उरलेली असे. ड्रायव्हर मंडळी सांगत की पालीच्या चढावर गाडी मागे सरायला लागली की मागून कोणीतरी खांदा लावतं आणि विडीचा वास येतो.

मी कामाला लागलो. पंपाची मोटर एका जाड बिडाच्या डब्यात बसवलेली होती. त्या डब्याच्या झाकणाचा काठ चांगला बोटभर रुंद, आणि आरशासारखा घासलेला. आत ठिणगी पडली, अगदी आत जाळ झाला, तरी तो त्या रुंद काठातून बाहेर येता येता थंड व्हावा, ही त्यातली खुबी. गिरणीच्या फिटरने तो काठ बघितला आणि प्रेमाने म्हणाला, "फटीत सुतळी आणि डांबर भरूया. नाहीतर पावसात पाणी जाईल." आम्ही कोकणातली माणसं. आम्हाला जगात एकच शत्रू माहीत, तो म्हणजे पाऊस. मी त्याला हात जोडून बाजूला केलं, काठाला ग्रीसचं बोट लावलं आणि सगळे बोल्ट पिळून बसवले. एकही कमी नाही.

मग बटणावरून शेठशी वाजलं. त्यांना बटण पंपावरच हवं होतं, दर्शनी. "अहो, लोकांना दिसलं पाहिजे कसं चालू होतं ते." मी बटण वीस पावलांवर गिरणीच्या भिंतीला बसवलं. तिथून पंपापर्यंत लोखंडी नळीतून तारा नेल्या, आणि पंपाखाली नळीला एक पेटी करून ती गरम डांबरी मसाल्याने ओतून बंद केली. हे शेठना मुळीच पटेना. नळीचं तोंड बुजवायचं तर नळी घातली कशाला?

शेवटी मी एक पोफळीचा पन्हळ घेतला. घराच्या वळचणीला पागोळ्या धरायला लावतात तो. तो खाली ओढ्याच्या वाळूत नेऊन उतरता ठेवला, खालच्या टोकाला पणती लावली आणि वरच्या टोकाला पेट्रोलात भिजवलेलं बोटभर फडकं ठेवलं. शेठ आणि तांडेल दूर उभे. काही क्षण काहीच झालं नाही. शेठ म्हणाले, "मग?" तेवढ्यात पणतीपासून निघालेला जाळ पन्हळावरून सरसर वर चढत गेला आणि फडकं भडकलं. पेट्रोल खाली आलं नव्हतं. त्याची वाफ आली होती. ही वाफ धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खळगा मिळेल तिथे बसते, दिसत मात्र नाही. नळी उघडी ठेवली तर पंपातली वाफ नळीतून थेट गिरणीत इंजिनापर्यंत जाऊन बसेल, हे शेठना तेव्हा पटलं. तांडेलाला तर तो खेळ इतका आवडला की म्हणाला, "वायच परत दाव रं."

दुसऱ्याच दिवशी पंपावर पाटी लागली, येथे विडी ओढू नये. तांडेलाला वाचता येत नव्हतं, पण पाटीची अंमलबजावणी त्याने अशी कडक केली की बोलायची सोय नाही. कोल्हापूरहून आलेल्या एका ड्रायव्हरच्या तोंडातली विडी त्याने स्वतःच्या हाताने काढून पायाखाली चिरडली.

आता राहिला होता अर्थ, म्हणजे जमिनीत जाणारी तार. पंपाच्या लोखंडात चुकून कुठून वीज आलीच तर तिला जमिनीत जायला वाट करून द्यावी लागते. नाहीतर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते किंवा ठिणगी होऊन उडते. त्यासाठी तांब्याचा पत्रा ओल्या जमिनीत पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं. पण आमची जमीन म्हणजे जांभा. पाऊस सरून आठ दिवस झाले की त्या कातळात ओल औषधालाही सापडत नाही. दोन दिवस पहारीने खड्डा खणला, पत्रा पुरला आणि डायनामोची तार आणि पत्रा यांच्या मधे एक बल्ब लावून पाहिला. जमीन चांगली असेल तर असा बल्ब लख्ख लागतो. आमचा काजव्याएवढा लागला. दुसरीकडे खणलं, तिथे तेवढाही लागला नाही. शेठ म्हणाले, "मिस्त्री, पंप बसवताय की विहीर खणताय?"

दसऱ्याला आठ दिवस राहिले होते. घरी मुलगी आता जवळ यायला लागली होती. माझ्या हत्यारांच्या पिशवीत हात घालायची, पक्कड उचलायचा प्रयत्न करायची. तिला उचलून घेतलं की मला पंप आठवायचा.

सगळं आवार पायाखाली घातल्यावर ओल एकाच ठिकाणी सापडली, करंजाखाली, राखणदाराच्या दगडाशेजारी. आवाराचा सगळा उतार तिकडे होता. विहिरीवरचं सांडलेलं पाणी तिथेच जाऊन मुरायचं. पंपापासून जेमतेम दहा पावलं. मी तांडेलाला भीत भीत विचारलं. तो म्हणाला, "इचारूया त्यालाच. आपण कोण?"

त्याने नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, की बाबा, हा आपला जावई हाय, लोकांच्या जिवासाठी तुझ्या पायाशी खणतोय, राग मानू नकोस. मग कानावरची विडी काढली. त्याच्या काड्या दमट झाल्या होत्या, पेटेनात. मी खिशातून माझी पेटी काढली आणि काडी ओढून विडी पेटवून दिली. अगदी भक्तिभावाने. ज्या माणसाने ओढ्यात पन्हळ मांडून शेठना शहाणं केलं, त्यानेच पंपापासून दहा पावलांवर काडी ओढली, आणि त्याच्या डोक्यात काडीमात्र शंका आली नाही. पंपाच्या टाकीत तेव्हा पेट्रोल नव्हतं म्हणून बरं, नाहीतर ही हकिगत सांगायला मी नसतो. दोष तांडेलाला देता येणार नाही. विडी ओढणं वेगळं आणि राखणदाराला विडी देणं वेगळं, हे आम्हा सगळ्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. पाटी माणसांसाठी होती.

तिथे पुरलेल्या पत्र्याने बल्ब असा लागला की बघवेना. मी जिंकलो असं मला वाटलं. बायकोला सांगितलं की यंदा माझा बिछाना ट्रंकेवर बांधू नको.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पेट्रोलची पिंपं आली आणि टाकीत ओतली. ओतताना सांडायचं तेवढं सांडलं. आश्विनातली ती संध्याकाळ, झाडाचं पान हलत नव्हतं. सगळे सांधे एकदा शेवटचे तपासावेत म्हणून मी दिवेलागणीला आवारात गेलो. पंपाजवळ वास होताच, पण करंजाखाली अर्थची तार बघायला वाकलो तर डोळ्यांना पाणी आलं. इतका वास. आणि तेव्हा मला कळलं. जिकडे पाणी जातं तिकडे ही वाफ जाते. ओल शोधत मी ज्या खळग्यात आलो होतो, तोच खळगा होता तो.

मागून पावलं वाजली. तांडेल आला होता. कानावर विडी, हातात काड्यापेटी.

मी त्याचं मनगट धरलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचं, देवाच्या कामाला निघालेल्याचं मनगट मी धरलं, याची मला आजही लाज वाटते आणि आजही ते मी धरीन.

"तांडेल, काडी ओढू नका. इथे वाफ बसली आहे. पन्हळ आठवा."

"तां मानसाचा जाळ व्हता," तांडेल शांतपणे म्हणाला. "ही त्याची ईडी हाय. त्याची ईडी त्याच्याच जाग्याला कशी जाळंल?"

"त्याची विडी तुम्ही पेटवता ना? काडी तुमचीच ना?"

"त्या दिशी तू पेटवलीस ती?"

मी मनगट सोडलं नाही.

आवाज ऐकून शेठ आले. त्यांच्या मागे दोन ड्रायव्हर आले. शेठना धोका कळत होता. ते काही दूधखुळे नव्हते. पण ड्रायव्हर म्हणाले की राखणदाराची विडी चुकली तर उद्या एकही गाडी आंबा घाट चढणार नाही. शेठची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. अशा वेळी माणूस जो सगळ्यात गरीब असेल त्याच्यावर चिडतो. ते माझ्यावर चिडले.

"तुम्हाला पंप बसवायला सांगितलं होतं. देवाच्या कारभारात तोंड घालायला नाही."

"विडी बंद होईपर्यंत पंप चालू होणार नाही," मी म्हणालो. भिंतीजवळ गेलो, फ्यूज काढला आणि खिशात टाकला.

शेठनी माझ्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या काय ते लोकांसमोर होईल. पण एक सांगून ठेवतो. पंप चालू होवो की न होवो, परवाच्या बोटीने तुम्ही जा. हा असला माणूस मला कायमचा नको."

त्या संध्याकाळी विडी तेवढी पेटली नाही. तांडेलाने ती तशीच कानावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मुलगी माझ्या मांडीवर बसून पक्कड उघडझाप करत होती. बायकोने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग तिने विचारलं, "पण खरंच पेटेल?"

"रोज नाही पेटणार. एखाद्या दिवशी पेटेल. वारा पडलेला असेल त्या दिवशी."

"तिथं गाडीत बायकामुलं बसलेली असतात ना?"

"असतात."

"मग जा मुंबईला," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. नंतर तिने डोळे पुसले. चुलीत लाकडं ओली होती असं काही नव्हतं. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की शेठकडे जाऊन फ्यूज देऊन टाकावा असं एकदा मनात येऊन गेलं. गेलो नाही.

दसऱ्याला सकाळी पंपाला झेंडूच्या माळा आणि आंब्याचे डहाळे बांधलेले होते. निम्मी आळी लोटली होती. सोनं द्यायचं संध्याकाळी, पण लोक सकाळपासूनच पंप बघायला हजर. शेठ नव्या कोटात, घामाघूम. मी भिंतीजवळ बटणापाशी उभा, खिशात फ्यूज, आणि घरी ट्रंकेवर बिछाना बांधून तयार.

तांडेल अंघोळ करून आला होता. तो शेठना म्हणाला, "कौल लावूया. तो काय सांगतो तां बगू." कौल म्हणजे दगडावर फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही.

पहिला प्रश्न असा झाला, की विडी न पेटवता ठेवली तर चालेल का? डावी पडली. ड्रायव्हर माझ्याकडे बघून मान हलवू लागले. राखणदाराचं खरं होतं म्हणा, न पेटवलेली विडी कोणाला चालते?

दुसरा प्रश्न, रस्त्यापलीकडे मोरीच्या कडेला विडी पेटवून ठेवली तर तिथे येऊन घेशील का? पुन्हा डावी. शेठनी कपाळाचा घाम पुसला. मी फ्यूज मुठीत घट्ट धरला. माझ्या मनात आलं, एवढं करून तिसऱ्या खेपेला देव विडीच मागणार आणि हे सगळे मला धरून फ्यूज काढून घेणार.

तांडेलाने पाकळ्या बदलल्या. या वेळी तो खाली बसला, हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, तू ह्या जाग्याचा धनी, आमी तुझी लेकरां. ह्या पोरानं तुझी ईडी बंद केलीन. त्याच्या मनात वंगाळ नाय, त्याला लोकांच्या जिवाची काळजी. पन तुझा मान गेला तां खरां. तर आता त्याची भरपाई त्यानंच करायची. रोज सांजच्याला त्यानं सोता येऊन तुज्या म्होरं हात जोडून उबं ऱ्हायाचं, आनि ह्या पंपाचं सगळं सांधं बगून मगच घरी जायाचं. बारा म्हयने. एक दिस चुकायचा नाय. तां जर तुला मान्य आसंल, तर उजवी दे."

"व्हय महाराजा," मागून लोक म्हणाले.

उजवी पाकळी पडली. लगेच पडली, हात खाली यायच्या आत.

आवारात सुटल्यासारखं झालं. ड्रायव्हरांनी दगडापुढे नारळ फोडले. शेठ खुशीत माझ्याकडे वळले. "मिस्त्री, ऐकलंत ना? रोज संध्याकाळी यायचं. बारा महिने. एक दिवस…" आणि ते मधेच थांबले. रोज संध्याकाळी यायचं तर माणूस मुंबईत असून चालायचं नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी तांडेलाकडे बघितलं. तांडेल दगडावरचा शेंदूर नीट करत होता. शेठनी लोकांकडे बघितलं. राखणदाराचा शब्द निम्म्या आळीने ऐकलेला.

"पगाराचं मग बोलू," शेठ मला म्हणाले. "आता तो फ्यूज घाला बाबा."

मी फ्यूज घातला, बटण दाबलं. पंपाच्या पोटात घुर्र झालं आणि काचेतून पेट्रोल वर चढायला लागलं. लोकांनी मान उंच केल्या. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. बटण दाबणाराही मीच होतो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. शेठनी लगोलग कोल्हापूरच्या गाडीत पेट्रोल भरलं आणि गाडी गेली.

माणसं पांगल्यावर मी करंजाकडे गेलो. तांडेल झाडाला टेकून बसला होता. मी समोर उकिडवा बसलो.

"तांडेल, एक विचारू? मी वायरमन. कुठला सांधा पक्का आणि कुठला सैल, तेवढं माझ्या डोळ्याला कळतं. तिसऱ्या खेपेची उजवी पाकळी तुम्ही नावापुरतीच ओली केली होती."

त्याने बोटांचा शेंदूर झाडाला पुसला.

"मग राखणदार बोलला की तुम्ही?" मी विचारलं.

तांडेलाने रस्त्याकडे बघितलं. "माजी पोरां झाली तवा मी कदी एडनाला व्हतो, कदी बसऱ्याला," तो म्हणाला. "एक पोरगा गेला, तां माला चार म्हयन्यांनी कळलां. हा राखणदार बग. हाही कुनाच्या ना कुनाच्या दारात राखण करीत उबा. त्याला घर नाय. आमी दोघं ऱ्हायलो भायेर. तू जा घरी."

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि घरी गेलो.